खांबावर कोण चढतो?

ग्रामीण महाराष्ट्रात 'झिरो वायरमन' नावाचा एक माणूस आहे. कोणत्याही हजेरीपटावर त्याचे नाव नाही. त्याला नेमणुकीचे पत्र नाही, परवाना नाही, हातमोजे नाहीत. डीपीवरचा फ्यूज उडाला, झंपर जळाला, तार तुटली की गावाला तोच आठवतो. वीज कंपनीचा लाईनमन अनेक गावांना मिळून एक. तो येईपर्यंत पीक वाळते, पिठाची गिरणी थांबते. म्हणून हा वर चढतो, पन्नास-शंभर रुपये घेतो आणि खाली उतरतो. एखाद्या दिवशी तो उतरत नाही. मग चौकशी होते, आणि तीत सर्वात आधी एकच गोष्ट शाबीत केली जाते, ती म्हणजे सदर इसम आमचा कर्मचारी नव्हता.

ज्याच्या श्रमावाचून गाव चालत नाही त्याला गावाच्या हिशेबात शून्य धरायचे, ही रीत विजेबरोबर आलेली नाही. ती फार जुनी आहे. मेलेले जनावर ओढण्याचे काम ज्याच्या आजोबाच्या वाट्याला होते, त्याच्या नातवाच्या वाट्याला खांबावर चढणे यावे हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. झिरो वायरमनमध्ये सगळ्या जातींची पोरे आहेत, हे खरे. परंतु भूमिहीनांची, कोरडवाहू दोन एकरवाल्यांची पोरे त्यात किती आणि बागाईतदारांची किती, हे कोणत्याही गावात उभे राहून मोजावे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी केंद्राच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत दरसाल दहा हजारांच्या वर आहे. आकाशातून कोसळणाऱ्या विजेचे बळी यात नाहीत, ते वेगळे मोजतात. या तक्त्यात मृताचे वय आहे, स्त्री की पुरुष हे आहे. जात नाही. ज्या देशात जन्मापासून सरणापर्यंत प्रत्येक गोष्ट जातीने ठरते, तेथे अपघात तेवढा निधर्मी आणि निर्जात कसा काय झाला, हा प्रश्न आपल्या समाजशास्त्रज्ञांना पडलेला दिसत नाही.

मी काटोलच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. माझे वडील सालदार होते आणि आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. ओहमचा नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. व्होल्टेजला रोधाने भागले की करंट मिळतो, एवढेच ते गणित. हा नियम रात्री मोटार सुरू करायला जाणाऱ्या माझ्या वडिलांच्या अनवाणी पायांखालच्या चिखलालाही लागू होता, हे मात्र मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले नाही. म्हणून ते येथे सांगतो.

घरात किंवा गोठ्यात येणारी लाईन २३० व्होल्टची असते. माणसाचे शरीर एका हातापासून पायापर्यंत साधारण हजार ओहम रोध धरते. कातडी कोरडी आणि राठ असेल तर जास्त, घामाने-पाण्याने भिजलेली असेल तर कमी. भागाकार केला की शरीरातून जाणारा करंट निघतो सुमारे २३० मिलीअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरच्या आतबाहेर. जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा पिवळा बल्ब जळायला एवढाच करंट लागतो. आता दुसरी बाजू पाहा. एक मिलीअँपिअर करंट नुसत्या मुंग्या आणतो. दहा-पंधराच्या पुढे गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. लोक म्हणतात, करंटने धरून ठेवले. प्रत्यक्षात आपलीच मूठ आपले ऐकेनाशी होते. पन्नास ते शंभर मिलीअँपिअर करंट छातीतून सेकंदभर गेला तरी हृदयाची लय बिघडते, ते रक्त ढकलण्याऐवजी नुसते थरथरत राहते आणि काही मिनिटांत माणूस संपतो. बल्ब पेटवणाऱ्या करंटच्या चौथ्या हिश्शात माणूस विझतो.

येथे फ्यूजविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिकलेली माणसेही म्हणतात, 'फ्यूज आहे ना, मग भीती कसली?' फ्यूज पाच अँपिअरचा असो की पंधराचा, पाव अँपिअरला तो ढिम्म हलत नाही. तो तारेला जळण्यापासून वाचवतो. माणूस वाचवण्यासाठी निराळे साधन लागते, त्याला ई.एल.सी.बी. किंवा आर.सी.सी.बी. म्हणतात. जेवढा करंट गेला तेवढा परत आला की नाही हे ते सतत ताडून पाहते. तीस मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून करंट जमिनीत उतरू लागला, की ते सेकंदाच्या अंशात लाईन तोडते. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल असेल तर तेही फसते आणि ११ के.व्ही.च्या तारेपुढे त्याचा काही उपयोग नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीपण विहिरीवर, गिरणीत, वेल्डिंगच्या दुकानात, बांधकामावर ते बसले तर अनेक मरणे टळतील. ते बाजारात सहज मिळते. ते बसवले जात नाही याचे कारण सोपे आहे. खर्च मालकाला करायचा असतो आणि मोटार सुरू करायला मजूर जातो.

काटोल-नरखेड हा संत्र्यांचा पट्टा. बाग जगवायची म्हणजे ओलीत आले, ओलीत म्हणजे विहीर आणि मोटारपंप. शेतीच्या वाहिनीला वर्षानुवर्षे आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी आळीपाळीने लाईन मिळत आली. सौर पंप आणि सौर वाहिनीच्या योजनांनी काही ठिकाणी हे बदलते आहे, सगळीकडे नाही. रात्रीची पाळी असेल तेव्हा वावरात कोण जातो? सालदार जातो. हातात टॉर्च, पाय चिखलात, समोर लोखंडी पेटीतला स्टार्टर. पेटीला अर्थिंग केलेले नसते, किंवा कधीकाळी केलेली तार उंदराने नाहीतर नांगराने तोडलेली असते. आत एखाद्या वायरचे कातडे सोलले की अख्ख्या पेटीत करंट उतरतो. अर्थिंग धड असते तर तो करंट जमिनीत जाऊन फ्यूज उडाला असता. ते नसते म्हणून पेटी माणसाची वाट पाहत राहते. कोळसा-मीठ घालून नीट केलेला अर्थिंगचा खड्डा, उन्हाळ्यात त्यात टाकलेले बादलीभर पाणी, पेटीखाली कोरडी लाकडी फळी आणि पायात रबरी बूट, एवढ्याने हा धोका पुष्कळ कमी होतो. 'ऑटो' नावाच्या यंत्राबद्दलही सावध राहावे. लाईन आली की ते मोटार आपोआप सुरू करते. लाईन गेली आहे असे समजून कुणी विहिरीत उतरून मोटारीला हात घालतो आणि त्याच घटकेला लाईन येते. म्हणून मेन स्विच खाली ओढून, फ्यूजची ग्रिप काढून ती आपल्या खिशात ठेवावी. खिशातली ग्रिप दुसरा कोणी परत बसवू शकत नाही.

बागेत दुसरा धोका डोक्यावर असतो. संत्री तोडताना उभी केलेली लोखंडी शिडी, विहिरीतून उभा काढलेला पाइप, स्लॅबवर चढवली जाणारी सळाख या वस्तू मजूर खाली पाहत उचलतो, वर पाहत नाही. रस्ता ओलांडणारी ११ के.व्ही.ची तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच असावी आणि घरापासून आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे, असे नियम आहेत. लोंबलेल्या तारा ज्याने पाहिल्या आहेत त्याला या आकड्यांचे मोल कळेल. ही तार शिवावी लागत नाही, फार जवळ गेले तरी ठिणगी झेप घेते. एप्रिल २०२३ मध्ये विरारला भीमजयंतीच्या मिरवणुकीत गाडीवरची लोखंडी सळी विजेच्या यंत्रणेला लागली आणि दोन तरुण मरण पावले. मिरवणुकीचा मार्ग ठरवताना कार्यकर्त्यांनी आदल्या दिवशी एक लांब बांबू घेऊन तो पायी पाहून यावा. रथाची उंची तारांवरून ठरवावी, हौसेवरून ठरवू नये.

रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेचा प्रकार मात्र अपघातात मोडत नाही. डुकरे पीक लोळवतात, शेतकरी मेटाकुटीला येतो, हे मला ठाऊक आहे. सौर झटका मशीन त्यासाठीच आहे. ते साधारण सेकंदाला एक अतिशय अल्पकाळाचा झटका देते, त्याने जनावर दचकून पळते. घरातल्या फेजचा आकडा तारेवर टाकला की वीज अखंड वाहते, आणि मग डुकरात व पहाटे गवताला निघालेल्या बाईत ती फरक करत नाही. अशा मृत्यूची नोंद पोलीस केवळ निष्काळजीपणाखाली, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली करू पाहतील. तार जाणूनबुजून जिवंत केली होती, ती कोणाला तरी मारील याची जाणीव होती, म्हणून कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी पहिल्या दिवशीच धरला पाहिजे. तडजोडीच्या बैठका दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात.

आता पुन्हा खांबाकडे. लाईनवर काम करणारे मरतात ते बहुधा 'बंद' लाईनवर. हे ऐकायला विचित्र वाटते, पण आहे तसेच. एक तर बंद केलेली लाईन भलतीच असते. नाहीतर एकाच वाहिनीवर दोन टोळ्या काम करत असतात आणि पहिलीचे काम संपले की लाईन सोडली जाते. किंवा कुणाच्या तरी जनरेटरमधून, दुसऱ्या डीपीच्या जोडातून लाईन उलटी परत येते. यावरचा उपाय जगभर एकच आहे आणि तो कंपनीच्या कागदांतही आहे. लेखी परमिट घ्यायचे. स्विच डोळ्यांना उघडा दिसला पाहिजे. त्याला कुलूप आणि वर पाटी लावायची. मग टेस्टरने तपासायचे, आणि जेथे काम करायचे त्याच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीशी जोडायच्या. एवढे झाल्यावरच हात लावायचा. दोन्ही बाजूंना रॉड असले की लाईन कुठूनही आली तरी ती जमिनीत जाते. प्रत्यक्षात काय होते? मोबाईलवर कोणीतरी सांगतो, 'बंद केली, चढ.' परमिट म्हणजे तो फोन. माझा एक विद्यार्थी ठेकेदाराकडे लाईनवर लागला. मी त्याला रॉडबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, 'सर, रॉड गाडीत असते, गाडी सायबाजवळ असते.' त्या वाक्यावर मला अधिक भाष्य करायचे नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळत होते, हे आपल्या सगळ्यांना माहीत असते. त्याच खात्याकडे विजेचे धोरण होते, हे फारसे कोणी सांगत नाही. युद्धोत्तर काळात वीज कशी वाढवायची याचा विचार करणाऱ्या धोरण समितीचे ते अध्यक्ष होते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, कारण उद्योगांवाचून या देशाचे दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. मजुराच्या कामाचे तास आणि विजेचे खांब हे दोन्ही विषय तेव्हा एका मंत्र्याच्या टेबलावर होते. पुढे ऊर्जा एका मंत्रालयात गेली, श्रम दुसऱ्यात. किती घरांना वीज पोचली हे एक खाते सांगते. ती पोचवताना कोण मेला हे दुसऱ्याने सांगायचे, आणि ठेकेदाराचा माणूस असेल तर त्यानेही सांगायचे नाही.

धक्का बसलेल्या माणसाचे काय करायचे, हे प्रत्येक शिक्षकाने वर्गात करून दाखवावे. आधी लाईन तोडावी. ती तोडता येत नसेल आणि ती घरगुती असेल, तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या बांबूने तार बाजूला करावी. ओल्या काठीने किंवा उघड्या हाताने कधीच नाही. वाचवायला गेलेला दुसरा माणूस मरणे हा या अपघाताचा नेहमीचा प्रकार आहे. ११ के.व्ही.ची तार पडलेली असेल तर बांबूही चालत नाही. उपकेंद्राला फोन करून लाईन बंद होईपर्यंत दूर राहावे, आणि जवळ गेलोच असू तर पाय एकमेकांना चिकटवून छोट्या छोट्या सरकत्या पावलांनी मागे यावे, कारण जमिनीतही करंट पसरलेला असतो आणि दोन पावलांमधले अंतर जितके मोठे तितका धक्का मोठा.

लाईन तुटल्यावर त्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला निर्धास्त हात लावावा. तो हाकेला उत्तर देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगून आपण छाती दाबायला लागावे. त्याला कडक जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मधोमध हाडावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपरे न वाकवता छाती दोन इंच खाली जाईल इतक्या जोराने दाबावे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता, थकल्यावर माणूस बदलून. ज्याने शिक्षण घेतले आहे त्याने दर तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वासही द्यावेत. विजेच्या धक्क्यात श्वासाचे स्नायूही बंद पडतात, म्हणून त्या श्वासांचे मोल मोठे आहे. मातीत पुरणे, पाणी पाजणे, तळवे चोळणे यांत जी मिनिटे जातात तीच त्याच्या आयुष्याची असतात. काही ठिकाणी भिंतीवर जुन्या पाट्या असतात, त्यांत पालथे घालून पाठ दाबताना दाखवलेले असते. ती शेफरची पद्धत १९०३ सालची आहे, ती आता मोडीत निघाली आहे. पाटी बदलायला लावा.

छाती दाबण्याच्या या विद्येचा इतिहास आपल्या पोरांना सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत खांबांवर मरणाऱ्या लाईनमनांची संख्या वाढली तेव्हा वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा दिला. त्यातून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोव्हन या विद्युत अभियंत्याने काम केले, आणि १९६० साली त्याने ज्यूड व निकरबॉकर या सहकाऱ्यांसह ही पद्धत प्रसिद्ध केली. आज मोठमोठ्या इस्पितळांत धनिकांची हृदये ज्या युक्तीने परत चालू होतात ती मजुरांच्या मरणातून सापडलेली आहे. आणि आपल्याकडे? तोंडाला तोंड लावायची वेळ आली की पडलेला कोणाचा कोण, हे आठवणारी माणसे अजून आहेत. अशांना सांगावे, बाबा, नुसती छाती दाब, तेवढे तरी कर.

माणूस उठून बसला, 'मला काही झाले नाही' म्हणाला, तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. विजेचे भाजणे वरून नाण्याएवढे दिसते आणि आत हाडापर्यंत स्नायू शिजलेले असतात. लघवी काळपट किंवा तांबूस आली तर मूत्रपिंडे धोक्यात आहेत असे समजावे. हृदयाची लय तपासावी लागते, त्यासाठी ई.सी.जी. लागतो. खांबावरून पडला असेल तर मान न हलवता फळीवर उचलावा. भाजल्यावर शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नये; साधे पाणी वीसेक मिनिटे ओतावे, अंगठी-कडे काढून घ्यावे. येथून नागपूरचे मेडिकल साठेक किलोमीटर आहे, आणि हात वाचेल की कापावा लागेल हे पुष्कळदा त्या वाटेतल्या वेळेवर ठरते.

राहता राहिला नुकसानभरपाईचा प्रश्न. यात आपले कार्यकर्ते सर्वात कमी वाचन करतात आणि ठेकेदार सर्वात जास्त. १९२३ चा भरपाईचा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. मूळ हक्क तेच आहेत. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. त्याला महिना बारा हजार मिळत असतील तर भरपाई होते १२,४७,८८० रुपये. ठेकेदार प्रेताशेजारी पन्नास हजारांचा लिफाफा देऊन अंगठा घेतो, त्याची तुलना या आकड्याशी करावी. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, परस्पर दिलेली रक्कम भरपाई दिली असे धरत नाही. माणूस ठेकेदाराचा असला तरी ज्याच्यासाठी काम चालले होते त्या मूळ मालकावर जबाबदारी येते. दारू प्यालेला होता, सूचना पाळली नाही, या सबबी मृत्यूच्या प्रकरणात चालत नाहीत. विजेवर चालणाऱ्या साधनांनी शेती करणारा मजूरही या कायद्यात बसतो, म्हणून सालदाराच्या बायकोनेही दावा करावा. मुदत दोन वर्षांची आहे. वाटसरू, शेजारी असा कोणीही मेला, तर मध्य प्रदेश वीज मंडळाविरुद्ध एका विधवेने लढवलेल्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल वकिलाला दाखवावा. पावसात तुटून पडलेल्या तारेवरून सायकलस्वार गेला होता. कोणी वीज चोरत होते ही मंडळाची सबब न्यायालयाने मानली नाही. धोकादायक वस्तू बाळगणारा तिच्यापासून होणाऱ्या हानीला जबाबदार, त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही.

विद्युत निरीक्षकाला प्राणांतिक अपघाताची खबर चोवीस तासांत देणे वीज कायद्याखाली बंधनकारक आहे. ती दिली की नाही हे लेखी विचारावे. त्याच दिवशी खांबाचा नि डीपीचा नंबर, तुटलेल्या तारेचे फोटो, स्विच उघडा होता की बंद, आजूबाजूला हातमोजे किंवा रॉड होता का, हे दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावे, कारण दुसऱ्या सकाळी तार बदललेली असते. पंचनाम्यावर आपला माणूस पंच असावा. शवचिकित्सेच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. आणि मृताचा मोबाईल कोणाच्या हाती द्यायचा झाला तर पोलिसांच्याच, तोही पावती घेऊन; त्याला 'चढ' म्हणून सांगणारा शेवटचा फोन कोणाचा होता आणि किती वाजता आला होता, हे त्यातच असते.